चंद्रावर निघालेलं विरजण

आमच्या कंपनीचं सोवळं मी सांभाळते. अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या एका बैठ्या इमारतीत आम्ही चंद्रावर जाणाऱ्या यानासाठी कॅमेरा बनवतो. तो ज्या क्लीन रूममध्ये जोडला जातो, तिथं कोणी काय घालून यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणं माझं काम. अंगभर पांढरा झगा, हातमोज्यांचे दोन जोड, मास्क. नाक खाजवलं की बाहेर. माझ्या पाठीमागे लोक काय बोलतात ते मला माहीत आहे.

कॅमेरा रवाना व्हायच्या नऊ दिवस आधी आतून बोळा फिरवून नमुना घेतला. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला: जिवंत जंतू. तेही दह्याचे.

मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. अकरा जणांत डब्यात दहीभात आणणारी मी एकटीच.

"नो ऑफेन्स, आसावरी," ऋषी म्हणाला, "पण दही मीन्स तूच ना?"

ऋषी आमचा व्हाइस प्रेसिडेंट. ट्रॉयला राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या नंदामावशींचा मुलगा. जन्म इथला, मराठी जेवणापुरती. माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर त्याचीच सही लागते. मागच्या हिवाळ्यात त्याला घरी दही लावायची हौस आली. दुकानातल्या दह्यानं काही केल्या लागेना, तेव्हा मीच त्याला विरजण दिलं आणि बजावलं, लावलं की सात तास काहीच करायचं नाही. माझ्या आईनं ते विरजण नागपूरहून रुमालात वाळवून आणलं होतं. म्हणजे जंतू आमच्याच ओट्यावरचे, यात वाद नव्हता. ते कॅमेऱ्यात कोणी नेऊन सोडले, एवढाच प्रश्न होता.

उत्तर वीस मिनिटांत सापडलं. क्लीन रूमच्या छतालाही एक कॅमेरा आहे. त्यात मंगळवारी सकाळी ऋषीसाहेब दिसले. मास्क हनुवटीवर ओढून, उघड्या कॅमेऱ्यावर ओणवे होऊन सेल्फी घेत होते. सेल्फी झाल्यावर लेन्सशेजारी त्यांनी चक्क एक पापी घेतली.

मी त्याला एकट्याला बोलावून दाखवलं.

"यार, हे अजून कुणी पाहिलंय?"

"फक्त मी."

"ग्रेट. मग लॅबला ब्लेम करू. ॲपोलोवाल्यांनी चंद्रावरून जुना कॅमेरा परत आणला होता, रिमेंबर? त्यात घशातला जंतू सापडला. लोक कितीतरी वर्षं म्हणत होते की तो चंद्रावर जगला. आणि शेवटी? लॅबमध्येच कुणाचा तरी हात लागला असणार! हिस्टरी आपल्या साइडला आहे."

त्या गोष्टीतून जगानं झगे नीट घालायला शिकावं, अशी अपेक्षा होती. ऋषीला त्यात सबब सापडली. 'नमुना घेताना दूषित झाला, कॅमेरा स्वच्छ आहे' असं सर्टिफिकेट टाइप करून त्यानं माझ्यापुढे ठेवलं.

सही केली नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत देश सोडायचा. माझ्या लेकीची, सियाची शाळा, घर, अकरा वर्षांची ग्रीन कार्डाची रांग, सगळंच गेलं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्या कॅमेऱ्याचा एकेक स्क्रू मी पुसलेला होता. सर्टिफिकेट परत केलं आणि खरा रिपोर्ट फुटेजसकट ग्राहकाला, म्हणजे यान पाठवणाऱ्या कंपनीला, पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मला काढलं. कारण लिहिलं होतं, 'सहकाऱ्यांमध्ये अनधिकृत जैविक पदार्थाचं वाटप.' ऋषीला चार तासांचं ऑनलाइन ट्रेनिंग करायला सांगितलं. ते ट्रेनिंग मीच लिहिलेलं आहे.

चार दिवस मी घरात भांडी घासत बसले, घासलेलीसुद्धा. पाचव्या दिवशी ऋषीचा फोन आला. कॅमेरा नव्याने साफ करायचा होता, आणि ग्राहकाच्या करारात त्या कामासाठी एकाच माणसाचं नाव होतं.

"आसावरी, कॅन यू कम? फक्त वन डे. व्हिजिटर म्हणून."

"व्हिजिटरला हात लावता येत नाही. नोकरीचं पत्र पाठव. आणि ग्रीन कार्डाच्या कागदांवर सही कर."

दोन्ही तासाभरात आलं.

मी पोचले तेव्हा ग्राहकाची माणसं स्क्रीनवरून बघत होती. ऋषीही झगा चढवायला लागला. पुढाकार दिसायला हवा ना.

"तू काचेबाहेर थांब."

"बट मी काय करू?"

"काहीच करू नकोस," मी म्हटलं. "सात तास."