न उमटणारा खडू

हिलाल पाटलाने बनवलेला पहिला खडू फळ्यावर उमटला नाही. दुसराही उमटला नाही. एका गुरुवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत त्याने साच्यातून दोनशे चाळीस खडू काढले आणि प्रत्येक खडूने गोठ्याच्या भिंतीवर टांगलेल्या फळ्यावर आपलं नाव लिहून पाहिलं. फळा काळाच्या काळा राहिला.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. हिलाल बोदवडजवळच्या एका खेड्यातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला. नोकरीच्या मागे न लागता कारखाना काढायचा, हे त्याने कॉलेजातच पक्कं केलं होतं. त्याने गोठा रिकामा करून घेतला, जळगावहून साचे आणले, प्लास्टर ऑफ पॅरिसची पोती आणली. पाणी घरच्या विहिरीचं होतंच. खडू दिसायला सुरेख झाले, पांढरेशुभ्र आणि गुळगुळीत. हातातून फरशीवर पडले तरी तुटत नसत. फक्त लिहीत नसत.

त्याचे वडील तोताराम आबा एकदा गोठ्यात डोकावले. त्यांनी एक खडू उचलला, फळ्यावर दोनदा ओढला आणि चष्मा पुसून पुन्हा ओढला.

“कारे बा, हा लिहत काहून नाही?”

“प्रयोग चालू आहे, आबा.”

“मंग याले खडू कायले म्हनतं?”

आबा गेल्यावर हिलालने दिवसभर पावडर आणि पाण्याची मापं बदलून पाहिली. खडू आणखी पांढरे झाले.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. कुंदा धुळ्याची, बी.कॉम. झालेली, बोलण्यात चटपटीत. आल्याच्या आठव्या दिवशी तिने गोठ्यातला माल पाहिला, एक खडू बोटांवर घासला आणि बोटं उजेडात धरली.

“हाताला काहीच लागत नाही,” ती म्हणाली. “मग खोक्यावर छापा की, धूळ न उडणारा खडू. खोटं तर नाही ना?”

खोटं नव्हतं. ‘कुंदन खडू’ असं नाव छापून खोकी तयार झाली. बोदवडच्या एका दुकानदाराने भिडेखातर बारा खोकी ठेवून घेतली. तीन वर्षं ती तिथेच होती.

मग नव्वद साल उलटलं. जळगावला नवं विद्यापीठ आलं आणि जिकडेतिकडे उद्योजकतेचं वारं सुटलं. हिलालला केमिस्ट्री शिकवणाऱ्या गिरधर कोल्हे सरांवर कॉलेजने एक काम सोपवलं. उद्योग काढलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी करायची. सरांनी महिनाभर पत्रं पाठवली. मुलं बँकेत होती, शाळेत होती, एसटीत होती, एक जण तर साधू झाला होता. शेवटी यादी तयार झाली. अनुक्रमांक एक, हिलाल तोताराम पाटील. एकूण एक.

यादीत एकच नाव असल्यामुळे निवडीचा प्रश्नच आला नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात तरुण उद्योजकांचा मेळावा होता. तिथे ‘उद्योग कसा उभारावा’ या विषयावर बोलायला हिलालला बोलावणं आलं.

सभागृहात दोनशे मुलंमुली बसली होती. हिलाल आयुष्यात कधी व्यासपीठावर चढला नव्हता. घाबरून त्याने टेबलावरच्या खडूऐवजी सवयीने खिशातला स्वतःचा खडू काढला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उद्योग म्हणजे काय?’

फळ्यावर काहीच नव्हतं. हिलालचे कान तापले. आता हशा उठणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण हशा उठला नाही. दोनशे माना वह्यांवर झुकल्या आणि सगळी लिहू लागली.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, शेवटचा शब्द नीट दिसत नाही.”

हिलालने फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “कोणता?”

“उजवीकडचा, सर.”

त्याने त्या जागेवरून पुन्हा एकदा खडू फिरवला.

“हां, आता दिसला,” ती म्हणाली आणि तिने तो उतरवून घेतला.

मग हिलाल थांबलाच नाही. कच्चा माल, पक्का माल, बाजारपेठ, एक वर्तुळ, त्याच्यातून निघणारे चार बाण, सगळं त्याने काढलं. कोल्हे सर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. एका मुलाने, तिसरा बाण थोडा छोटा झालाय, अशी दुरुस्ती सुचवली. हिलालने तो वाढवला. टाळ्या झाल्या.

लोक पांगल्यावर कॉलेजचे शिपाई सुपडू नाना ओलं फडकं घेऊन फळ्याशी आले आणि थबकले.

“हाऊ खडू तुमना शे का, भाऊ?”

“हो.”

“तीस वरीस व्हयनात, मी बठ्ठा फळा पुसी राह्यनू. आज पहिलांदा पुसानं कामच नही!”

नानांनी ही बातमी दुपारपर्यंत शिपायांना सांगितली, शिपायांनी मास्तरांना. आठवड्याभरात धुळ्याहून साठ खोक्यांची मागणी आली, महिन्याभरात सहाशे.

शिक्षकांना खडू मनापासून आवडला. सदऱ्यावर धूळ पडत नव्हती, खोकला येत नव्हता. फळा पुसण्यात जाणारा वेळ वाचून अभ्यासक्रम दिवाळीआधीच संपत होता. तपासणीला आलेले साहेब ‘फळा अत्यंत स्वच्छ’ असा शेरा मारून जात. निकालही पूर्वी लागायचा तेवढाच लागला.

त्र्याण्णवपर्यंत बोदवडच्या रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड उभी राहिली. अठरा बायका कामाला होत्या आणि सगळा कारभार कुंदा बघत होती. माल नाशिकपर्यंत जाऊ लागला. कॉलेजांच्या सहली येत. यंत्राभोवती उभं राहून मुलं टिपणं घेत आणि जाताना हिलालची सही मागत. त्यातल्या एरंडोलच्या दोघांनी पुढे न उमटणारी शाई काढली आणि तीही बरी चालली.

हिलालला मात्र चैन नव्हतं. तो केमिस्ट्रीचा माणूस. खडू का लिहीत नाही, हे त्याला कळायला हवं होतं. पण बाटल्या-मापं काढली की कुंदा येऊन उभी राहायची.

“मागणी पूर्ण होत नाही आणि तुम्ही आता मालात बदल करणार?”

एक दिवस एक पोस्टकार्ड आलं. एदलाबादजवळच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतून. पाठवणाऱ्या शिक्षिका मंजुळाबाई. मजकूर एवढाच, ‘आपला खडू फळ्यावर उमटत नाही. कृपया बदलून द्यावा.’

कुंदा म्हणाली, “एवढ्या वर्षांत एकच तक्रार. सोडून द्या.”

हिलालने ते कार्ड अकरा वेळा वाचलं, खिशात घातलं आणि एसटी पकडली.

शाळा दोन खोल्यांची होती. मंजुळाबाई चाळिशीतल्या, तिसरीच्या वर्गाला शिकवत होत्या. फळा कोपऱ्यात उलटा ठेवलेला. चुन्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने बेरजा लिहिल्या होत्या.

“मी हिलाल पाटील. खडूवाला.”

“बरं झालं आलात, भाऊ.” त्यांनी फळा सुलटा केला आणि खडू त्याच्या हातात दिला. “तुम्हीच लिहून दाखवा.”

हिलालने ‘कमळ’ लिहिलं आणि धीर करून विचारलं, “काय दिसतंय?”

“काहीच नाही,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“काहीच नाही!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

हिलाल मुलांच्या बसायच्या पट्टीवर मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले. बाई घाबरल्या, त्यांनी एका मुलीला पाणी आणायला पिटाळलं.

“एवढं मनाला लावून घेऊ नका, भाऊ. एखादं खोकं खराब निघतं.”

“सगळीच खोकी अशी आहेत, बाई. पण हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

“मग बाकीचे काय म्हणतात?”

“बाकीचे पुन्हा मागवतात.”

परतीच्या वाटेवर विचार करता करता त्याच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत त्याने पावडर बदलली, मापं बदलली, साचे बदलले. पाणी कधीच बदललं नव्हतं. शेडमध्येसुद्धा घरच्या विहिरीचंच पाणी टँकरने येत होतं. तो बोदवड स्टेशनवर गेला, तिथल्या नळावर दोन कॅन भरले आणि थेट जुना गोठा गाठला.

तिसऱ्या दिवशी खडू वाळले. एकाने त्याने फळ्यावर आपलं नाव लिहिलं. नाव उमटलं. त्याने ते पुसलं, पुन्हा लिहिलं. बोटं पांढरी झाली, नाकात धूळ गेली, सटासट शिंका आल्या. शिंकत शिंकतच तो हसत सुटला.

कुंदाला न सांगता त्याने या खडूची दहा खोकी नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवली. आठवड्याच्या आत धुळ्याचे एक हेडमास्तर स्वतः येऊन धडकले.

“हा काय माल पाठवला? आमच्या एका सरांनी सात साते छप्पन लिहिलं आणि सगळ्या वर्गाला दिसलं! पालक आलेत विचारायला.”

कुंदाने त्यांना चहा पाजला, जुन्या मालाची दोन खोकी फुकट दिली आणि वाटेला लावलं. मग ती गोठ्यात आली. फळ्यावर हिलालचं नाव होतं. ती बराच वेळ ते बघत राहिली.

“तुला माहीत होतं?” हिलालने विचारलं. “आपला खडू लिहीत नाही, हे?”

“आल्याच्या आठव्या दिवशीच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही रोज इतक्या उमेदीने गोठ्यात जायचात,” कुंदा म्हणाली. “कसं बोलणार?”

हिलालला राग यायला हवा होता, तो आला नाही. अठरा बायकांचे संसार शेडवर चालत होते, हे त्यालाही दिसत होतं. दोघांनी बसून ठरवलं. शेड कुंदाने चालवायची, गोठा हिलालने. शेडमध्ये विहिरीचं पाणी, गोठ्यात नळाचं. खोक्यांचे रंग वेगळे, म्हणजे गोंधळ नको.

हिलालने मंजुळाबाईंना पहिलं खोकं नेऊन दिलं. बाईंनी सगळ्यात आधी बेरजा लिहिल्या, मुलांनी त्यांच्यातली एक चूक काढली, बाईंनी ती दुरुस्त केली. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन खोकी मागवली, कारण शेजारच्या गावातल्या गुरुजींनाही हवं होतं. शहाण्णव सालापर्यंत अशा एकतीस शाळा झाल्या. कुंदाच्या एका ट्रकमध्ये त्यांचा वर्षाचा माल मावला असता आणि कुंदा तसं बोलूनही दाखवायची.

एकदा जेवताना हिलाल म्हणाला, “बत्तिसाव्या शाळेचं पत्र आलंय. रंगीत मिळेल का, विचारतात. हळद घालून बघितली. पिवळा छान येतो.”

कुंदाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि विचारलं, “आणि निळ्याला काय घालणार?”