मावशी जिन्यावरून पडली नव्हती

मावशीच्या घटस्फोटाचा कागद मंगळवारी कोर्टातून आला आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं, पिंटुकलीला यातलं काही कळू द्यायचं नाही. पिंटुकली सहा वर्षांची. कुजबुज सुरू झाली की हिचे कान टवकारलेच.

शनिवारी दुपारी आई इस्त्री करत होती. आठवडाभर दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या कपड्यांना. आता त्यांच्याकडेच राहणारी मावशी कामावर गेली होती.

"आई, मावशी नरकात जाणार का गं?"

आईचा हात थबकला. "कोण म्हणालं?"

"चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या बाई म्हणाल्या, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. मावशीनं तोडलं ना?"

"आधी दूध पी," आई म्हणाली. हे काही उत्तर नव्हे, हे तिलाही कळत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेरून गोड आवाज आला, "पिंटुकले, दार उघड. बघ, मी काय आणलंय."

मावशीचा नवरा. आईनं इस्त्री उभी केली. पिंटुकली "काका!" म्हणत उठलीसुद्धा. हेच काका तिला खांद्यावर बसवून बाजार फिरवायचे. आईनं धावत जाऊन तिला कडीपाशी गाठलं, पोटाशी धरलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आहेस ना आत? मला ऐकू येतंय." आता आवाजातला गोडवा गेला होता. दारावर थाप पडली, मग लाथ. बिजागरी करकरली. वरच्या मजल्यावरच्या शिंप्यानं जिन्यातून विचारलं, "कोण आहे रे?" तेव्हा कुठे पावलं खाली उतरत गेली.

आईनं पोरीच्या तोंडावरचा हात काढला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. उद्या आपण घरात नसताना हिनं दार उघडलं तर?

"मावशीचा हात प्लॅस्टरमध्ये होता, आठवतं?"

"जिन्यावरून पडली होती."

"नाही पडली. काकांनी मोडला. त्याच्याआधीही मारायचे. म्हणून ती आता त्यांच्याकडे कधीच राहणार नाही. कोर्टानंही तसं लिहून दिलंय. त्यालाच घटस्फोट म्हणतात."

पिंटुकलीनं विचारलं, "देव रागावेल?"

"मी फादरना विचारून आले. ते म्हणाले, जीव वाचवायला घर सोडलं तर ते पाप नाही. मावशी रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला येईल, तुझ्या शेजारीच बसेल."

"आणि काका आले तर?"

"दार उघडायचं नाही. कितीही गोड बोलले तरी."

संध्याकाळी बाबा कामावरून आले. ते रोजच्यासारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर पिंटुकलीनं मान खाली घालून अंग चोरलं.  बाबांनी आईकडे पाहिलं. "दुपारी तो येऊन गेला. हिला सगळं सांगितलं मी," ती हळूच म्हणाली. त्यांना काय समजायचं ते समजलं.

बूटही न काढता ते खाली फरशीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले. स्वयंपाक झाला, मावशी घरी आली, तरी ते हलले नाहीत.

शेवटी पिंटुकली आली. मांडीवर नाही बसली. हातभर अंतर ठेवून बसली आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडू लागली.