सोमवारची गोळी

दुखणं लपवण्यात आमच्या तानुबाईचा हात कोणी धरणार नाही. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं पातेलं तिनं ओट्याखालून उचललं आणि पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. हे मला कळलं कधी, तर कुरडया वाळून डब्यात गेल्यावर. तोवर बाई कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून घरभर हिंडत होती आणि मी विचारलं की म्हणायची, "वारा भरला असंन."

मी उत्तमराव, तिचा नवरा. अख्खी उमर एसटीची गाडी चालवण्यात गेली. गाडीत कुठे बारीक आवाज आला तरी मला सीटवर बसून कळायचं. बायकोच्या पाठीतला आवाज मात्र कळला नाही, आणि त्याचा राग मी काढला तो तिच्यावरच.

जानेफळहून तिला मेहकरला डॉक्टर राबियांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बोटानं दाखवलं. "मावशी, हा मणका दबला. नुसतं पातेलं उचलून मणका दबतो म्हणजे हाडं आतून ठिसूळ झाली. हा भरून येईल. पण औषध घेतलं नाही तर उद्या दुसरा दबेल, नाहीतर साध्या पडण्यानं खुबा मोडेल. खुबा मोडला तर अंथरूण सुटणं मुश्कील."

त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहासुद्धा नाही. औषधाच्या दुकानातून मी पाकीट आणलं आणि ते पाहून तानुबाईचा चेहराच उतरला.

"हे तं मोठ्या बाईची गोळी हाय," ती म्हणाली. "मी नाई घेत."

मोठ्या बाई म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी मंजुळा वहिनी. अमडापूरला मुलाकडे, भागवतकडे असते. काही वर्षांमागे तिला हीच गोळी दिली होती. महिना-दोन महिन्यांत छातीत आग, घास उतरेना, शेवटी रक्ताची उलटी. दवाखान्यात ठेवावं लागलं. तानुबाई तेव्हा तिच्या उशाशी बसून होती, चमच्या-चमच्यानं थंड दूध पाजत. ती गोळी सुटली ती सुटलीच. त्यानंतर वहिनी हळूहळू वाकत गेली, आणि आता तिला समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचं तर मान तिरपी करून वर पाहावं लागतं.

घरी आल्यावर पाकीट फळीवर गेलं ते तिथेच बसलं. डॉक्टरांनी सोबत दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र बाई आनंदानं घ्यायची, आणि मी काही बोललो की त्याच दाखवायची. मी ओरडलो, समजावलं, मग अबोला धरला. अबोल्याचा तिला फायदाच झाला, कटकट थांबली.

शेवटी बसस्टँडवर माझ्या जुन्या मित्रांकडून कळलं की या दुखण्यावर वर्षातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन असतं. मला तर ते फारच पसंत पडलं. गाडी वर्षातून एकदा वर्कशॉपला लावली की वर्षभर बघायला नको, तसं. मी घरी येऊन जाहीर करून टाकलं, "तुले इंजेक्शन घ्यायचं हाय. उद्या निघू."

तिनं मुकाट्यानं पिशवी भरली. मला वाटलं, जिंकलो.

डॉक्टर राबियांनी आधी रक्ततपासणी केली आणि मग आम्हाला समोर बसवलं. "इंजेक्शन चालेल. मावशीच्या किडन्या ठीक आहेत. सलाइनमधून सावकाश देतो. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठणकतं, बऱ्याच जणांना येतो. तपासणीत जीवनसत्त्व डी कमी निघालं, ते आधी भरून काढावं लागेल. दात काही दुखतो का? काढायचा असेल तर आधी काढून घ्या. फार क्वचित, पण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही."

"दात मजबूत हायेत," मी म्हणालो.

"दुसरं एक इंजेक्शन आहे, दर सहा महिन्यांनी. चांगलं आहे, पण ते चुकवायचं नाही. मधेच सोडलं तर हाडं पटकन खाली येतात, एकदम दोन-तीन मणके दबलेले मी पाहिलेत. गावाहून येणं जमेल का?"

"जमंल. पन नकोच ते. वर्षाचंच द्या," मी म्हणालो.

"ताप सहन होईल?"

"व्हईन सहन. लय खमकी हाय ते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, हाडं कोणाची आहेत?"

तानुबाई पदराआड हसली, आणि मला ते चांगलंच झोंबलं. मग तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डॉक्टरबाई, इंजेक्शन एकदा अंगात गेलं, अन् नाई मानवलं, तं काढता येते का?"

"नाही येत. पण ताप उतरतो."

"अन् गोळी?"

"गोळीचंही औषध हाडात मुरतं, खोटं कशाला सांगू. पण घसा जळला, छातीत दुखलं, तर तुम्ही पुढची गोळी घ्यायची नाही, मला फोन करायचा. ते तुमच्या हातात राहतं. नीट घेतली तर बहुतेकांना काही होत नाही."

"मंग आमच्या मोठ्या बाईले काऊन झालं?" असं म्हणून तानुबाईनं सगळी हकिकत सांगितली, रक्ताच्या उलटीपासून चमच्याच्या दुधापर्यंत. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. गोळीला ती भीत होती हे मला माहीत होतं. पण ती किती भीत होती हे त्या खुर्चीवर मला कळलं, आणि माझा राग तिथेच विरला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या गोळी कशी घ्यायच्या?"

ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"मग विचारून या. आज काहीच ठरवू नका. पण फार दिवस लावू नका."

दोन दिवसांनी आम्ही अमडापूरला गेलो. एसटीत खिडकीशी बसून तानुबाई दर खड्ड्याला समोरची दांडी घट्ट धरत होती. मी ड्रायव्हरला दोनदा हळू घ्यायला सांगितलं. उभ्या जन्मात दुसऱ्या ड्रायव्हरला मी असं कधी सांगितलं नव्हतं.

वहिनी ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान तिरपी करून आमच्याकडे पाहिलं आणि चेहरा खुलला. चहापाणी झालं. मग तानुबाई तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "बाई, तुमी ते हप्त्याची गोळी कशी घेत होत्या?"

"रिकाम्या पोटी. डॉक्टरनं सांगतलं होतं तशीच," वहिनी म्हणाली. "हप्त्यातून एकदा, रिकाम्या पोटी. म्हनून मी गोळीले सोमवार धरला."

"सोमवार?"

"सोमवारापेक्षा रिकामं पोट कोनतं, सांग बरं?"

तानुबाईनं माझ्याकडे पाहिलं. वहिनीचा सोमवार आम्हाला ठाऊक होता. माझा थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा तिनं तो धरला. भाऊ गेला, तरी तिनं सोमवार सोडला नाही. आणि तो साधा उपास नव्हता. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, दिवेलागणीला महादेवापुढे वात लावायची आणि मगच पाणी.

"मंग गोळी कशासंगं घेत होत्या?" तानुबाईनं विचारलं.

"तीर्थासंगं. पूजा झाली का तळहातावर तीर्थ घ्यायचं, त्याच्यासंगंच गोळी. तीर्थानं उपास मोडत नाई. अन् मंग चक्कर यायची, तं पडून राहायची."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. आम्हाला ग्लासभर पाणी सांगितलं होतं, आडवं व्हायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि या बाईनं तळहातभर तीर्थावर गोळी घशात अडकवून वर अंथरूण धरलं! मी तोंड उघडणार तेवढ्यात तानुबाईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द आतच राहिले.

"डॉक्टरले उपासाचं सांगतलं होतं का?" तिनं हळूच विचारलं.

"त्याईनं विचारलं, रिकाम्या पोटी घेतली का? मी म्हनलं, हाव. दुसरं कोनी काई विचारलंच नाई." वहिनीनं सुपातली डाळ बाजूला ठेवली. काहीतरी चुकलं आहे हे तिला आमच्या तोंडांवरून कळलं होतं. "काऊन? पानी पाह्यजे होतं का लय?"

तानुबाईनं सगळं सांगितलं. गोळी पाण्यानं खाली ढकलावी लागते, नाहीतर ती अन्ननलिकेला चिकटून तिथेच जाळते. झोपलं तर आणखीच. हे तिनं असं सांगितलं की जणू कोणा तिसऱ्याच बाईची गोष्ट आहे. वहिनी ऐकत राहिली. मग तिनं आपला एक हात पाठीवर, कुबडावर नेला.

"म्हंजे हे माह्यं मीच केलं," ती म्हणाली.

"नाई बाई. तुमाले कोनता वार हे कोनी विचारलं नाई," तानुबाई म्हणाली. "त्याच्यात तुमचा काय दोष?"

वहिनीनं जमिनीकडे पाहिलं. तसंही तिला तिकडेच पाहावं लागतं. मग तिनं विचारलं, "तानू, आता उशीर झाला असंन ना?"

मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाच अंगणात जाऊन उभा राहिलो.

आत माझ्या बायकोनं परस्पर निर्णय घेऊन टाकला होता. वहिनीला डॉक्टर राबियांकडे न्यायचं. "आधी मोठ्या बाईचं, मंग माह्यं," ती म्हणाली. मी पुन्हा भडकलो. दबलेला मणका हिचा आणि ही दुसऱ्यांच्या पाळ्या लावते! पण हाडं कोणाची, हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला होता. मी भागवतला सांगून वहिनीची पिशवी भरायला लावली.

डॉक्टरांनी वहिनीला घशातून दुर्बिणीची तपासणी करून यायला लावलं. अन्ननलिका जुन्या जखमेनं अरुंद झाली होती. "या आजींना गोळी नाही चालणार, पुन्हा कधीच नाही," त्या म्हणाल्या. "रक्त तपासून वर्षाचं इंजेक्शन देऊ. वाकलेली पाठ सरळ होणार नाही, आजी. पण आहे ती सांभाळता येईल. पुढचं मोडणं टाळता येईल, तेवढा उशीर झालेला नाही."

वहिनीनं मान तिरपी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"आणि तुम्ही, मावशी?" डॉक्टरांनी तानुबाईला विचारलं. या वेळी मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

"गोळीच द्या," तानुबाई म्हणाली. "मोठ्या बाईले जे झालं ते कशानं झालं, आता कळलं. नाई मानवली तं मी बंद करीन, अन् तुमाले फोन करीन. पन माह्यी मी घेईन."

डॉक्टर म्हणाल्या, "फार क्वचित या औषधानं मांडीचं हाड तडकतं, म्हणून मांडीत दुखायला लागलं तरी सांगायचं. काही वर्षांनी थांबायचं का, तेही तपासून बघू." तानुबाईनं हो म्हटलं.

इंजेक्शननंतर वहिनीला आम्ही जानेफळला आमच्याच घरी आणलं. सांगितल्याप्रमाणे ताप आला, अंग ठणकत राहिलं. तानुबाई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची आणि मी स्वयंपाक करायचो. माझी खिचडी वहिनीनं तक्रार न करता खाल्ली, म्हणजे ताप खरंच फार असावा. रविवारपर्यंत तो उतरला.

रविवार तानुबाईनं स्वतः निवडला होता. त्या दिवशी तिचा कसलाच उपास नसतो. सकाळी ती फळीवरचं पाकीट काढून ओट्याशी उभी राहिली. पाण्याचा ग्लास मी भरून दिला. गोळी तळहातावर घेऊन ती नुसतीच उभी. मी काहीच बोललो नाही, आणि न बोलणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी भिंतीला धरत धरत आत आली. अजून अशक्त होती, पण येऊन तानुबाईच्या शेजारी उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "अन् पानी सगळं पी. खाली राहू देऊ नको."

तानुबाईनं गोळी घेतली. वहिनी तिरप्या मानेनं वर पाहत होती, ग्लासाचा तळ दिसेपर्यंत.

मग दोघी उभ्याच राहिल्या. मी वहिनीला खुर्ची दिली, तर तिनं घेतली नाही. "ते उभी हाय तवर मी बी उभी," म्हणाली. गॅसवर चहा ठेवायची माझी वेळ टळून गेली, पण तिघांनीही विषय काढला नाही. दोघी लोणच्याच्या मिठाबद्दल बोलल्या, भागवतच्या पोरीबद्दल बोलल्या. मधेच तानुबाई थांबायची, गळ्याला हात लावायची, वहिनी तिच्याकडे पाहायची आणि दोघी पुन्हा बोलायला लागायच्या.

अर्धा तास झाला. तानुबाईनं छातीवरून हात फिरवला, थुंकी गिळून पाहिली, पुन्हा गिळून पाहिली.

"काई नाई झालं, बाई," ती म्हणाली. "चहा टाकता का अहो?"

मी गॅस पेटवला. आधण ठेवून वहिनीकडे वळून पाहिलं. ती ओट्याला धरून उभी होती, रिकामा ग्लास हातात घेऊन. तिनं तो पालथा केला. एक थेंबही पडला नाही.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "एक गिलास पानी?"

आणि इतक्या वर्षांत, भाऊ गेला तेव्हासुद्धा जी आमच्यासमोर रडली नव्हती, ती माझी वहिनी त्या ओट्याशी हमसून हमसून रडली. तानुबाईनं तिला जवळ घेतलं, मी चहात साखर घातली, आणि तिघांनी तो उभ्यानंच प्यायला.