आधी पहिल्या सहा

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. मित्रांनो, माझ्या झाकणावरून बोट फिरवाल तर बोट काळं होईल, आणि माझी थाळी फिरते तेव्हा पट्टा कुरकुरतो. वयच झालंय. माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका हाताने माझी मोटर बसवली, दुसऱ्याने सुई, तिसऱ्याने बटणं. आई-बाप कोण म्हणाल तर सांगता यायचं नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका रेकॉर्डच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या टेबलावर. अरुंद दुकान, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं इतकं. मागे पडद्याआड एक छोटी खोली.

दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण परीक्षा घ्यायची भारी हौस. त्यांच्या दुकानात रेकॉर्ड विकतही मिळत आणि वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या घरीही नेता येत. त्यांचा जीव जडला होता जॅझच्या एका वाद्यवृंदावर, आणि त्याहून जास्त वाद्यवृंदाच्या प्रमुखावर. हे गृहस्थ पियानोपाशी बसून पंधरा जणांकडून पन्नास वर्षं वाजवून घेत होते. मास्तर त्यांना राजेसाहेब म्हणत, शेजारच्याच बिऱ्हाडात राहत असल्यासारखे.

राजेसाहेबांच्या साठेक रेकॉर्ड होत्या. नवखा माणूस त्या ढिगापुढे गांगरून जायचा आणि विचारायचा, सुरुवात कुठून करू? मास्तर याच प्रश्नाची वाट बघत असत. त्यांनी साठांतून सात निवडल्या होत्या आणि कव्हरांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. पहिली नाचाच्या तुकड्यांची, पाय आपोआप हलावेत अशी. दुसरी भरल्या सभागृहातली, तिच्यात लोकांचं खोकणंही ऐकू यायचं. तिसरी क्लॅरिनेटची, सनईसारख्या त्या बारीक आवाजाच्या फुंकवाद्याची. मग एक लांबलचक, एक गायिकेबरोबरची, एक पाचच वादकांची. सातवी राजेसाहेबांच्या म्हातारपणातली. एक रेकॉर्ड न्यायची, शनिवारी परत आणायची आणि मास्तरांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. उत्तर आलं तर पुढची. नाही आलं तर तीच पुन्हा. तीनदा चुकलं तर परत पहिलीपासून.

लोक हसायचे, पण यायचे. शेजारच्या शिंपीकाकांनी सातही पार केल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना पेढा दिल्यासारखा नवा कोरा ब्रश दिला, रेकॉर्ड पुसायचा. त्या काळात माझीही ऐट काही कमी नव्हती. प्रश्नाचा वाद झाला की निवाडा माझ्यावर रेकॉर्ड लावून व्हायचा. मास्तरांच्या कानांसारखे कान नाहीत, असं गिऱ्हाईक म्हणायचं. राजेसाहेब सूर लावण्याआधी श्वास घेतात, तो मास्तरांना ऐकू येतो म्हणे. मीही ते खरं मानून छाती फुगवायचो.

दुकानात आणखी एक माणूस होतं. मास्तरांची थोरली बहीण, ताई. आई लवकर गेल्यावर मास्तरांना तिनेच वाढवलं. मागच्या खोलीत बसून ती रेकॉर्ड धुवायची, पुसायची, फाटकी कव्हरं चिकटवायची. साठच्या साठ रेकॉर्ड तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण बसून ऐकायला कधी सवड नव्हती.

सातवी रेकॉर्ड आली त्या दिवशी पुडकं तिनेच सोडलं. कव्हरावर म्हातारे राजेसाहेब पियानोपुढे बसलेले, हात मांडीवर ठेवून. ताई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, आपले बाबा कामावरून आले की असेच बसायचे, नाही का रे? ही लाव ना मला.

"आधी पहिल्या सहा," मास्तर म्हणाले. "मधल्या वगळल्यास तर सातवी कळायची नाही."

ताईने ऐकलं. दुपारी दुकान बंद असताना माझ्यापुढे स्टूल ओढून ती बसू लागली. पहिली पार झाली, दुसरीही. तिसरीला गाडं अडलं. मास्तरांनी विचारलं, ढोल थांबल्यावर क्लॅरिनेट किती वेळा येते? ताई म्हणाली दोनदा. ती चारदा येत होती. पुढच्या शनिवारी पुन्हा दोनदा. तिसऱ्या शनिवारीही तेच. मास्तर म्हणाले, तुझं लक्ष नाही, चल पहिलीपासून.

असं आठदा झालं. मध्ये वर्ष वर्ष खंड पडायचा, मग ती पुन्हा नेटाने बसायची. नऊ वर्षं तिने त्या तिसऱ्या रेकॉर्डच्या उंबऱ्यावर काढली.

मित्रांनो, आता माझी चूक सांगतो. ताई बसली की आधी माझं आवाजाचं बटण वाढवायची. मग बारीक सुरांचं बटण शेवटपर्यंत पिळायची. दर वर्षी थोडं जास्त. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण बटणं माझी होती. आणि मी काय करत होतो? मनातल्या मनात तिला नावं ठेवत होतो. बाईला गाण्यातलं काही कळत नाही, उगीच कान पिळते माझे! मला तोंड असतं तरी मी मास्तरांकडे तिची चुगलीच केली असती. आज त्याची लाज वाटते.

एके दिवशी सकाळी मास्तरांनी नेहमीप्रमाणे माझ्यावर रेकॉर्ड ठेवली. आदल्या दुपारी ताई बटणं जागेवर आणायला विसरली होती. मी असा गरजलो की खिडकीची काच थरथरली. शिंपीकाका तोंडातला दोरा तसाच घेऊन धावत आले. मास्तर कानांवर हात ठेवून पडद्याकडे वळले, रागावून, ताईला बोलायला.

पडदा बाजूला होता. चार हातांवर ताई पाठमोरी बसून रेकॉर्ड पुसत होती. मी गरजतच होतो. तिचा हात शांतपणे गोल गोल फिरत होता. मास्तरांनी सुई उचलली आणि हाक मारली. ताई. मग पुन्हा. तिसरी हाक त्यांनी ओरडूनच मारली, तरी तिने मान वळवली नाही. समोरच्याचं तोंड बघून ती इतकी वर्षं नकळत सावरून घेत आली होती. शिंपीकाका खाली मान घालून निघून गेले.

मास्तरांनी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली आणि हातातली रेकॉर्ड फरशीवर पडून लांब ओरखडा उठला. ती तिसरीच होती. दोघांनीही खाली पाहिलं नाही.

"सांगितलं का नाहीस?" त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मला वाटलं, माझंच डोकं मंद आहे," ताई म्हणाली. "तू म्हणायचास ना, लक्ष नाही म्हणून."

मास्तरांनी सातवी काढली, स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि माझी दोन्ही बटणं स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत फिरवली. मी जीव तोडून वाजलो, मित्रांनो. ताई डोळे मिटून ऐकत होती. ढोलाला तिची मान डोलायची, जाड तारांच्या वाद्याला बोटं हलायची. मग एकेक वादक थांबत गेला, आणि उरली एकटी क्लॅरिनेट. ज्यासाठी मास्तरांनी ही रेकॉर्ड सगळ्यांत शेवटी ठेवली होती तो तुकडा. उंच, बारीक, केसासारखा.

ताईने डोळे उघडले. "संपली वाटतं," म्हणाली आणि पदर सावरत उठली.

क्लॅरिनेट वाजतच होती. मास्तरांनी माझी सुई उचलली. "हो," ते म्हणाले, "संपली."

ताई हसली. "ही आधी दिली असतीस ना, तर बाकीच्या सहा मी धावत ऐकल्या असत्या."

पुढे कानाच्या डॉक्टरांनी तिला यंत्र दिलं, माझंच धाकटं भावंड म्हणा ना. त्याने दाराची घंटा ऐकू येते, हाकाही येतात. क्लॅरिनेट येत नाही. यांना पाच-सहा वर्षं आधी आणलं असतंत तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. मास्तरांनी साऱ्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. आता कुणी विचारलं सुरुवात कुठून करू, तर ते म्हणतात, ज्या कव्हरावर जीव जडला तिथून.

माझ्यावरची धूळ पुसा, सुई वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. म्हाताऱ्या यंत्राचं मागणं दुसरं काय असणार? पण घरात कुणी बटण जास्त पिळत असेल, तर माझ्यासारखं नावं ठेवू नका. आधी त्याच्या पाठीमागे उभं राहून एक हाक मारून बघा.

ताई अजूनही अधूनमधून स्टूल ओढून बसते आणि सातवी मागते. तिच्यासमोर तो शेवटचा तुकडा मला कधीच पुरा वाजवता आला नाही. क्लॅरिनेट एकटी उरली की ताई डोळे उघडते, आणि मास्तर सुई उचलतात.