बारशाच्या दिवशी मासळीचा वास

पहाटे आठ दिवसांच्या बाळाच्या जिभेवर एक थेंब पाण्याचा, एक थेंब दारूचा ठेवून झाला. पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण, असं म्हाताऱ्यांनी तिला बजावलं. बापाकडच्या आजीचंच नाव नातीला मिळालं, पोकुवा. पाहुणे खुर्च्यांवर टेकतात न टेकतात तोच लाइट आली.

"आली! लाइट आली!"

कुमासी शहरातल्या आमच्या सगळ्या सुआमे वस्तीनं एका दमात आरोळी ठोकली. आठवडाभर नव्हती. पांढरे कपडे घातलेली आमची माणसं उठून नाचायला लागली. बाळाचं नाव पुकारलं तेव्हा इतकी आरोळी उठली नव्हती, खरं ते सांगते. मग जो तो आपापल्या खोलीत पळाला. आमचं घर म्हणजे अंगणाभोवती खोल्यांची रांग, रांगभर भाडेकरू, आणि सगळ्यांना मिळून मीटर एक. कुणी फ्रीझर लावला, कुणी इस्त्री, कुणी पाण्याची किटली. लाइट पुन्हा कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा आहे तोवर ओरबाडून घ्या, ही आम्हा कुमासीकरांची रीत. आणि गाणीवाला अटाकोरा? त्यानं माणसाएवढे स्पीकर व्हरांड्यात मेन स्विचसमोर रचले आणि वायर थेट मीटरच्या पेटीतून ओढली.

"अरे, बोर्डात लाव की," मी म्हणाले.

"काकू, बोर्ड माझ्या स्पीकरला पुरत नाही. माझा स्पीकर भुकेला आहे!" असं म्हणून त्यानं आवाज असा सोडला की कोंबड्या भिंतीवर चढल्या.

अजेमानदादा, माझा थोरला भाऊ, घराचा मालक, छाती काढून व्याह्यांमध्ये फिरत होता. "लावा, लावा, काय लावायचं ते लावा! माझ्या घराचा फ्यूज कधी उडत नाही."

हा त्याचा मोठा अभिमान. पूर्वी उडायचा. दोन इस्त्र्या एकदम लागल्या की अंधार, आणि मग अंगणात भांडण, तुझ्या इस्त्रीनं उडवला, तुझ्या फ्रीजनं उडवला. दादानं त्यावर डोकं चालवलं. फ्यूजमधली केसासारखी तार काढून फेकली आणि तिथे जाड तांब्याची तार पिळून बसवली. फ्यूज उडायचा थांबला, भांडण मिटलं, भाडेकरूंनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी केस करणारी बाई, माझ्या दुकानात ड्रायरचा प्लग एकदा माझ्या हातात वितळलाय. मी घसा फोडून सांगितलं, "दादा, फ्यूज उडण्यासाठीच असतो रे. तो मरतो म्हणून घर जगतं." तर म्हणाला, "सेरवा, तू केस विंचर." आमच्या वस्तीत घरं अडाण्यांनी नाही जाळली. ज्यांना आपण फार हुशार वाटतो, त्यांनी जाळली.

त्याची लेक कोनाडू, माझी भाची, वर्षानुवर्षं वाट बघून आई झालेली. नाव ठेवून झालं तसं तिनं बाळाला व्हरांड्यालगतच्या खोलीत मच्छरदाणीखाली निजवलं, पंखा लावला आणि ती थोरामोठ्यांच्या पाया पडायला बाहेर आली. ती खोली लक्षात ठेवा. मीटरमधून घरभर जाणारी जुनी वायर त्याच खोलीच्या लाकडी छतावरून जाते.

ताटं वाढली. बकऱ्याचं सूप, तांबडा भात, कोंबडी. विहीणबाईंनी, म्हणजे थोरल्या पोकुवांनी, एक घास घेतला, नाक वर केलं आणि माझ्याकडे तिरकं बघितलं.

"सेरवाबाई, मासळीचा वास तर झकास सुटलाय. पण ती मासळी काही आमच्या ताटात उतरली नाही."

"मासळी?"

"असू दे, असू दे. घरच्यांसाठी झाकून ठेवली असेल. आम्ही काय, पोरीकडचे नाही ना!"

बायका फसकन हसल्या. माझी मात्र मान ताठ झाली, कारण मासळी आम्ही केलीच नव्हती. चुलीवर बकरा आणि कोंबडी, दुसरं काही नाही. मी श्वास ओढला. वास होता. सडक्या मासळीसारखा, करपल्यासारखा. माझा प्लग वितळला त्या दिवशी दुकानात हाच वास भरला होता, आणि मीसुद्धा आधी शेजारणीच्या तव्याला शिव्या घातल्या होत्या.

मी हातातलं ताट विहीणबाईंच्या मांडीवरच ठेवलं आणि पळाले.

"अटाकोरा, सरक! मेन बंद करायचाय!"

"काय?"

"सरक मेल्या!"

मी स्पीकरला खांदा लावला. तो हलेना. तेवढ्यात दादा आडवा आला.

"खुळी झालीस? व्याही बसलेत. आठवडाभरानं आलेली लाइट आपल्या हातानं घालवणार? असं या गावात कुणी केलंय का आजवर?"

"वायर जळतेय दादा. वास घे."

"मासळी आहे ती."

"कुणी केली मासळी? सांग, कुणाच्या चुलीवर आहे?"

त्यानं चुलीकडे बघितलं. मग हसला, आणि ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. "अगं, धोका असता तर फ्यूज नसता का उडाला?"

"तू त्यात खुंटीएवढी तार कोंबलीस! तो उडेल कसा? आता फ्यूजच्या जागी घर उडेल!"

मी त्याच्या काखेखालून हात घातला, खटका चाचपला आणि खाली ओढला.

गाणं मध्येच तुटलं. पंखे गरगरत मंदावले. शंभर माणसांनी एकदम "ओऽऽ" केलं, जणू कुणी मेलं. "लाइट गेली!" "शेजारी आहे की!" "सेरवानं घालवली!" कुणीतरी म्हणालं, "हिला भाचीचं सुख बघवत नाही." मी म्हटलं, म्हण काय म्हणायचं ते.

तेवढ्यात खोलीतून कोनाडूची किंकाळी आली.

पंखा थांबला म्हणून ती बाळाला बघायला गेली होती. बाळाला छातीशी धरून ती धावत बाहेर आली, मागून काळसर धूर. मच्छरदाणीवर वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब पडून भोक पडलं होतं. बाळाच्या डोक्यापासून वीतभर दूर. पोर झोपेतच होती.

"छत! छत पेटलंय!"

"पाणी आणा!" मी ओरडले. "मेन बंद आहे, आता बिनधास्त मारा!"

भाडेकरूंनी अंगणातली पिंपं उचलली. दोघं टेबलावर चढले, कुऱ्हाडीनं फळ्या उचकटल्या. आत लाल निखारे उंदरांसारखे पळत होते. बादलीवर बादली. आणि मी वळून बघते तो काय, अटाकोराचा हात खटक्यावर!

"काकू, एक मिनिट, माझं ॲम्प्लिफायर नीट आहे का एवढंच—"

वर ओली माणसं, ओल्या फळ्या, उघडी वायर, आणि याला ॲम्प्लिफायर! मी त्याच्या मनगटाला चावले. हो, चावले. दात उमटले. मग पेटी उघडून फ्यूजचा चिनीमातीचा तुकडा उपटला आणि झग्याच्या आत खोचला. "आता लाव, कसा लावतोस."

आग विझली. वायर खाली लोंबत होती, आवरण गळून गेलेली, काळी. दादानं घसा साफ केला.

"बरं. थोडक्यात निभावलं. आता ही खोली सोडून अटाकोराची वायर दुसरीकडून ओढू. व्याह्यांचा खोळंबा नको. सेरवा, दे तो फ्यूज."

"नाही."

"मी घरमालक आहे!"

"मग मालकासारखा वाग. सगळी वायर नवी पडेपर्यंत मिळणार नाही. काढून घ्यायचा असेल तर व्याह्यांदेखत माझ्या झग्यात हात घाल."

विहीणबाई उठल्या. वाटलं, आता माझी साल काढणार. त्यांनी बाळ कोनाडूकडून घेतलं, तिचे केस हुंगले, त्यांना धुराचा वास आला असणार. पण बोलली कोनाडू, जी बापासमोर कधी मान वर करत नाही.

"बाबा, मी सासरी जाते. आत्ता."

बाळंतीण महिनोन्‌महिने माहेरी राहते. आठव्या दिवशी तिनं बाप सोडून जाणं म्हणजे बापाच्या तोंडावर अख्ख्या गावानं थुंकणं.

"कोनाडू, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की हिच्या बापानं जाड तार बसवली. खरंच तर आहे. ती निघेल त्या दिवशी येईन."

दादानं माझ्यासमोर येऊन तळहात पसरला. "मला ती तार तरी दे. माझ्या हातानं काढतो."

मी तुकडा काढून दिला. त्यानं दातांनी तार ओढली, ती निघेना, इतकी घट्ट पिळली होती त्यानंच. शेवटी निघाली. त्यानं ती भिंतीपलीकडच्या गटारात भिरकावली आणि मोकळा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"सोमवारी वायरमन," तो म्हणाला. "सगळं घर. तोवर लाइट नाही."

"तर मग मीही सोमवारनंतरच," कोनाडू म्हणाली आणि सासूमागून चालायला लागली. दाराशी थोरल्या पोकुवा थांबल्या, मागे वळून माझ्यावर ओरडल्या, "सेरवाबाई, उभ्या काय? उरलेला बकरा आता फ्रीझरमध्ये टिकायचा नाही! चुली पेटवा, आणि निम्मा आमच्याकडे पाठवा. आणि मासळी घ्या जरा, खरी!"

अटाकोरानं चावलेलं मनगट चोळत एक रिकामं पिंप उलटं केलं आणि त्यावर थाप मारली.