राहिलेला उतार

मित्रांनो, मी एक अर्धवट राहिलेला कन्व्हर्टर आहे. संचिताबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यांचे यजमान गुरुदास माझ्या शेजारीच बाईंची साडी पिशवीत भरत होते. आदल्या संध्याकाळी कुडाळच्या इस्पितळातून ते हसत आले होते. आमच्या आचरे गावात भेटेल त्याला सांगत होते, "उतार पडलो!"

माझा जन्म त्यांच्या घरातल्या याच टेबलावर झाला. बाई मालवणला मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. करंट मोड कंट्रोल, म्हणजे करंटवर नजर ठेवून स्विच चालवणे, शिकवण्याआधी ते आपल्याला नीट कळावे, म्हणून त्यांनी मला बनवले. होडीवरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चोवीस व्होल्टचा दिवा लावायचा, हे माझे काम.

"ह्यो करता काय?" गुरुदासांनी विचारले होते.

"स्विच चालू झालो की कॉईलमधलो करंट चढता. हद्दीक पोचलो की स्विच बंद. परत चालू, परत बंद. दिवो मंद झालो तर हद्द वाढवूची."

"म्हणजे माझी सोलकढी. तू वाटी काढून घेतलंस काय बंद!"

"तुमची हद्द खंय आसा ओ?" बाई हसल्या.

बॅटरी भरलेली असली की मी गप्प असे. ती उतरली की मला स्विच अर्ध्याहून जास्त वेळ चालू ठेवावा लागे. मग एक फेरी लांब, पुढची आखूड, असा ताल बिघडून मी किरकिरू लागे. त्यावर उपाय होता. हद्द एका जागी न ठेवता प्रत्येक फेरीत ती हळूहळू खाली आणायची. बाई त्याला 'उतार' म्हणत. तो किती द्यायचा, हे शोधत असतानाच त्यांना ताप आला.

दिवसकार्य झाल्यावर गुरुदासांनी मला दिव्याला जोडले. बॅटरी उतरलेली होती. मी किरकिरलो. त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"इस्पितळात माका म्हणाली, उतार गावलो ओ, आता किरकिर थांबतली," ते मला म्हणाले. "माका वाटला तापाचो. मी नुसतो कपाळार हात फिरवलंय. कितको दिवचो, ता इचारूक व्हया होता."

तेव्हापासून ते बाईंची पुस्तके उघडून बसतात. करंट म्हणजे काय इथपासून त्यांची सुरुवात आहे. घरात दुसरा आवाज नाही. मित्रांनो, आजारी माणूस काही सांगू लागले, तर ते कशाविषयी बोलते आहे, एवढे विचारा.

बॅटरी भरलेली असते तोवर माझा दिवा नीट लागतो. उतार अजून द्यायचा राहिला आहे.