टायर बसण्याचा आवाज

वॉल्व्हमधून काढलेली ती पिन, गव्हाच्या दाण्यासारखी बारीक, पितळेची, बानूच्या तळहातावर होती आणि तळहात घामेजला होता. ही पिन काढली की हवा एकदम आत घुसते, असं पृथ्वीराज सांगत होता. राहू गावच्या हौसरावांचा हा मुलगा, पुण्याला कॉलेजात. रविवारी घाटात सायकलींची शर्यत होती आणि त्याला आपल्या डोंगरात चालवायच्या सायकलीला ट्यूबशिवाय टायर बसवायचे होते. आत नुसतं दुधासारखं पांढरं औषध. काटा घुसला तर भोक आपोआप बुजवणारं. स्पोकांच्या भोकांवर चिकटपट्टी त्याने घरूनच लावून आणली होती. इथपर्यंत ठीक. पण पायपंपाने हवा भरायला गेलं की ती टायरच्या कडेने फसफसत निघून जात होती.

"चाची, ह्याला एकदम हवा लागती. कॉम्प्रेसरच पायजे."

कॉम्प्रेसर... तो कोपऱ्यात गोणपाटाखाली होता. वर्ष झालं, तिने त्याला हात लावला नव्हता. वरवंडला ऐन हायवेवर पंक्चरचं दुकान, पण ट्रकवाल्यांना ती हात जोडून पुढे पाठवायची; सायकली, लुना, फार तर एखादी स्कूटर, तीही पंपाने. लोक म्हणत, बाईमाणूस, तेवढी ताकद कुठून आणणार. म्हणू देत. ताकदीचा प्रश्नच नव्हता. पडद्यामागच्या खोलीत खाटेवर तिचा नवरा होता, लालमहंमद, आणि त्याच्या कानावर तसला आवाज पडू द्यायचा नव्हता.

गेल्या वर्षी तो हवा भरत होता ते वाळूच्या ट्रकचं चाक होतं. ती चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती — आधी टायर कुरकुरला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग... लोखंडी रिंग उडाली. त्याचा जबडा तुटला, एक कान गेला. हौसरावांनी आपल्या जीपमध्ये घालून दौंडला नेलं म्हणून जीव वाचला. तेव्हापासून तो मोजकंच बोलतो, दुकानात पाऊल टाकत नाही. आणि तिने सगळं घर मुकं करून टाकलं. कुकर माळ्यावर गेला, डाळ पातेल्यात शिजू लागली. दिवाळीला त्याच्या शाबूत कानात तिने स्वतः कापूस घातला. शेजारी पत्रा पडला तेव्हा धावत जाऊन तिने त्याचे खांदे धरले होते — थरथरत होते ते, तिच्या हाताला कळलं होतं. कसाबसा सांधलेला माणूस. आणखी एक धडाका झाला तर तो असा मिटेल की पुन्हा उघडायचा नाही. या धास्तीतच तिचा दिवस उजाडायचा.

पण ज्याच्या बापाने नवऱ्याला उचलून नेलं त्या पोराला नाही कसं म्हणायचं? आणि म्हणायचं तरी काय — आमच्या घरात आवाज चालत नाही म्हणून?

तिने पडद्यामागचं आतलं दार ओढलं. ते पुरतं लागत नव्हतं. कॉम्प्रेसर घरघरायला लागला तेव्हा तिने कान आतल्या खोलीकडे लावला. खोकला नाही, हाक नाही.

टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं, नळी वॉल्व्हवर धरून कळ दाबली. टायर फुगला, कुरकुरला... आणि तिचा अंगठा निघाला. हवा सगळी बाहेर. पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"चाची, मधीच सोडताय तुमी. कुरकुरतंय म्हंजी टायरच्या कडा रिमात बसाय लागल्यात. आता एकेक कड वाजंल, मग बसलं."

"वाजंल?"

"वाजाय तर पायजे. त्याबिगर कळनार कसं?"

हे तिला माहीत नव्हतं थोडंच! लग्न होऊन आल्यापासून भाकऱ्या थापताना बाहेर टायर बसल्याचे आवाज ऐकत आली होती ती; तेव्हा तिकडे लक्षसुद्धा जात नसे. पण आता कुरकुर सुरू झाली की अंगठा तिचं ऐकेना. त्याला एवढंच ठाऊक होतं, की पळायचं.

"तू लांब हो. तिकडं लिंबाखाली जा."

"सायकलचं चाक हाय चाची, ट्रकचं न्हाई."

"जा म्हनते ना."

तो गेला. तिने तोंड फिरवलं, डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि कळ दाबली — कुरकुर — दाबून धर, त्याचे खांदे, तो पडलेला चहा, दाबून धर बाई — आणि टायर वाजला.

नळी तिच्या हातून सुटली. आता आतून काय येईल? ओरडेल तो? की नुसताच भिंतीकडे तोंड करून...

"बानू," आतून आवाज आला. मीठ मागावं इतक्या साध्या सुरात. "एकच बाजू बसली. दुसरी ऱ्हायली."

तिने डोळे उघडले.

"साबन लाव अजून. आन् हवा मधीच सोडू नको."

म्हणजे तो सुरुवातीपासून ऐकत होता. कॉम्प्रेसर, कुरकुर, तिचं सोडून देणं, सगळं. कापूस घाल असं तो कधी म्हणाला होता? कुकर काढून ठेव म्हणाला होता? आणि त्या दिवशी, पत्रा पडला तेव्हा... खांदे थरथरत होते की ते धरणारे तिचे हात? तिने आताच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ते तसेच थरथरत होते, आणि इथे धरायला कुणाचे खांदे नव्हते. वर्षभर त्याच्या नावाने सांभाळलेली भीती तिचीच होती. तो बिचारा तिच्यासाठी गप्प पडून राहिला होता की काय, या विचाराने तिला भरून आलं, लाजही वाटली.

तिने साबण लावला. नळी उचलून वॉल्व्हवर टेकवली. अंगठा कळीपर्यंत गेला आणि थांबला.

"मला भ्या वाटतंय," ती आतल्या दाराकडे न बघता म्हणाली. कधी नव्हे ते मोठ्याने.

आत खाट करकरली. तो उठून बसला की नुसती कूस बदलली, कळलं नाही. भीती कमी झाली नव्हती. उलट आता ती सगळीच्या सगळी तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती. अंगठा कळीवर तसाच ठेवून ती उभी राहिली. या वेळी तिने डोळे मात्र मिटले नाहीत.